साडेचार गाठी

ज्या उन्हाळ्यात मी मुलांना खरं कसं शोधायचं ते शिकवत होतो, त्याच उन्हाळ्यात मी एका वहीत खोटा आकडा लिहिला. हे आजवर मी स्वतःच्या तोंडानं सात विद्यार्थी, एक शिपाई, एक नायब तहसीलदार आणि माझी बायको एवढ्यांनाच सांगितलं आहे. आता पन्नाशी ओलांडल्यावर लिहून टाकावं म्हणतो. अडचण एवढीच, की ते दिवस आठवले की मला आधी हसू येतं आणि मग लाज वाटते. क्रम उलटा असायला हवा, हे मला कळतं. पण तो तसाच आहे.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या पाटीवर उस्मानाबादच्या जागी लातूर रंगवलं होतं, पण वरचा रंग पातळ पडल्यामुळे दोन्ही जिल्हे वाचता येत. मी मूळचा बिलोलीकडचा, शिकलो नांदेडात, आणि सव्विसाव्या वर्षी निलंग्यापासून अर्ध्या तासावरच्या या गावात जीवशास्त्र शिकवायला आलो. दोन पावसाळे कोरडे गेले होते. माणसं भेटली की 'जेवलात का' विचारायच्या ऐवजी 'पाणी भरलं का' विचारत.

मार्च संपता संपता प्राचार्यांनी मला बोलावलं. अकरावीतली सात हुशार मुलं त्यांनी निवडली होती, सहा मुलगे आणि एक मुलगी.

"नव्या जिल्ह्याचं नाव गुणवत्ता यादीत आपल्या गावानं न्यायचं," ते म्हणाले. "सुट्टीत यांच्याकडून बारावीचं घोकून घ्या."

मी दोन आठवडे इमानानं घोकून घेतलं. मग एक दिवस सहज विचारलं, उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली का जातं. सातही जणांनी एकच उत्तर दिलं, एकाच शब्दांत, एकाच ठिकाणी श्वास घेऊन.

"कशावरून?" मी विचारलं.

शेवटी सगळ्यांत उंच मुलगा उभा राहिला. तो उभा राहायला लागला की संपायलाच वेळ लागे. "सर," तो म्हणाला, "पान नंबर सांगू का?"

मी हसलो, पण घरी जाताना मला काहीतरी चढल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर एकच शब्द लिहिला, 'कशावरून?' आणि सांगितलं की आठवडाभर जे ऐकाल त्याला हा प्रश्न विचारायचा, उत्तर मिळालं नाही तर ते स्वतः जाऊन बघायचं.

मी हे असं मोकाट सोडायला नको होतं. उंच मुलाची चुलती म्हणाली, चिमण्या मातीत लोळल्या की पाऊस येतो. पठ्ठ्या चार दिवस चिमण्या मोजत अंगणात बसून राहिला आणि पाचव्या दिवशी चुलतीला म्हणाला, "काकू, एकशे सहा लोळल्या. पाऊस कुठाय?" दुसऱ्याच्या आजीनं त्याला देवाच्या नैवेद्याबद्दल काही विचारू दिलं नाही, तर त्यानं नैवेद्याला मुंग्या किती वेळात लागतात ते लिहून आणलं. आणि किराणा दुकानदाराच्या मुलानं भर गिऱ्हाइकात बापाला विचारलं, "हे तूप अस्सल कशावरून?"

दुकानदार शाळेत आले. भस्माचे तीन पट्टे घामानं ओघळलेले. "सर, पोराला काय शिकवून राहिलात?"

"शोध घ्यायला शिकवतोय."

"मंग बाहेर शोध घ्या म्हणावं. दुकानात कामून घेऊन राहिला?"

बाहेर शोधायला त्या वर्षी एकच गोष्ट होती. आम्ही विहिरी मोजायच्या ठरवल्या.

पहिल्या दिवशी सातही जण गावातल्या वेगवेगळ्या विहिरींवर सुतळी आणि दगड घेऊन गेले, आणि संध्याकाळी आकडे घेऊन धापा टाकत आले. आमच्याकडे विहीर परसात मोजतात. हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची म्हणजे एक परस. आकडे बघून माझं डोकं गरगरलं. देवळामागच्या विहिरीचं पाणी सकाळी साडेपाच परसावर होतं आणि दुपारी सातावर. दीड परस पाणी चार तासांत कुठं गेलं? आम्ही तर्क लढवले. खालून भुयार असेल. भूकंप होणार असेल. मी तर त्या उत्साहात फळ्यावर खडकांचे थरही काढले. मुलगी मागच्या बाकावर होती. ती हळूच म्हणाली, "सर, सकाळी यानं मोजलं," आणि उंच मुलाकडं बोट केलं, "अन् दुपारी त्यानं," आणि आमच्या वर्गातल्या सगळ्यांत ठेंगण्या मुलाकडं.

प्रत्येकानं आपापल्या उंचीचा परस धरला होता. पिढ्यान्‌पिढ्या सगळे असंच धरत आले होते आणि कुणाचं काही अडलं नव्हतं, कारण कुणी दुसऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा लावून बघितलाच नव्हता. आम्ही पोटं धरून हसलो. भुयार गेलं, भूकंप गेला.

एक परस ठरवायला एक माणूस ठरवणं भाग होतं. आम्ही महाविद्यालयाच्या शिपायांना निवडलं. त्यांना सगळे मामा म्हणत. मामा भिंतीला पाठ लावून, हात वर करून उभे राहिले. मुलांनी बोटाच्या टोकाला खूण केली. तेवढ्यात दुकानदाराचा मुलगा म्हणाला, "मामा, नखं वाढलीत. काढून या."

मामा खरंच नखं काढून आले. मग त्या मापानं आम्ही अंबाडीच्या दोरीला गाठी मारल्या, परसाला चार. त्या दिवसापासून मामा गावात सांगत सुटले की सरकारनं त्यांचा परस घेतला आहे. पाणवठ्यावर कुणी वाद घातला की ते हात वर करून उभे राहत.

वहीचे नियम मी त्यातूनच केले. आकडा विहिरीच्या काठावर उभं राहूनच लिहायचा, घरी येऊन नाही. चुकलं तर एकाच रेघेनं खोडायचं, खालचं वाचता आलं पाहिजे. कुणाच्याही आकड्याबद्दल शंका आली तर समासात 'क?' लिहायचं, म्हणजे कशावरून, आणि ज्यानं आकडा लिहिला त्यानं सगळ्यांसमोर उत्तर द्यायचं. शेवटचा नियम माझा फार लाडका होता. ज्याच्या घरची विहीर, त्यानं ती मोजायची नाही. मनात जे हवं असतं ते डोळ्यांना दिसतं, असं मी त्यांना अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं.

आमच्या दोऱ्यांची बातमी निलंग्याला पोचली आणि एक दिवस नायब तहसीलदार जीप घेऊन आले. गावाला पाणी कुठून द्यायचं हे त्यांना ठरवायचं होतं. बरं पाणी असलेली एकच विहीर उरली होती, गावाबाहेरच्या पानमळ्याची. ती वर्गातल्या मुलीच्या आजोबांची होती. अख्खा गाव त्यांना अप्पा म्हणे.

मळ्याच्या कुंपणापाशी आम्ही सगळ्यांनी चपला काढल्या. पानमळ्यात चपला घालून कुणी जात नाही. नायब तहसीलदारांनीही बूट काढले आणि मोजे हातात धरून ते आत आले. बाहेर सगळं पांढरं पडलेलं, आणि आत शेवरीच्या झाडांवर चढलेले विड्याच्या पानांचे वेल, गार सावली, ओल्या मातीचा वास. तो मळा अप्पांच्या बापानं लावला होता. मुलगी लहानपणापासून त्या वेलांच्या मधून वाढली होती. वेलाला एक दिवस पाणी चुकलं तर पान कसं मऊ पडतं ते ती बोटानं दाखवायची.

"पंधरा दिवस रात्रीतून पाणी किती चढतं ते या पोरांकडून मोजून घेऊ," नायब तहसीलदार म्हणाले. "संध्याकाळी मोटार बंद झाल्यावर एकदा, पहाटे सुरू व्हायच्या आधी एकदा. शेवटी शेवटी जर परसभर चढत असेल, म्हणजे तुमच्या चार गाठी, तर विहीर गावासाठी ताब्यात घेतो. कमी असेल तर मळ्याला ठेवतो आणि गावाला टँकर मागवतो. एक लक्षात ठेवा, विहीर घेतली की टँकर मिळणार नाही."

अप्पा माझ्याकडे वळले. "मास्तर, मला आकडा कमी नगं अन् जास्त बी नगं. हाय तेवढा लिवा. परसभर चढलं तर गावाला देतो, मळा वाळला तरी वाळू दे. पन चढत नसताना चढतंय म्हनून लिवलं, तर चार दिवसांत विहीर खरवडून निघंल, मळा जाईल, अन् गावाला टँकर बी न्हाई. तिन्ही जात्याल."

"अप्पा, आमच्या वहीत खोटं लिहीत नाहीत," मी म्हणालो. मुलं छाती काढून उभी होती. मुलगी दोरीला हात लागू नये म्हणून दोन पावलं मागं सरकली.

ते पंधरा दिवस मी आयुष्यात पुन्हा कधी जगलो नाही. पहाटे मी आणि दोन मुलं मळ्याकडे पळत सुटायचो. दगड पाण्याला लागल्याचा आवाज ओळखायची स्पर्धा लागायची. एकानं दोरी धरायची, दुसऱ्यानं त्याच्याकडे पाठ करून स्वतंत्र मोजायचं, आणि दोघांचे आकडे जुळले की नाचायचं. नाचायचा नियम मी केला नव्हता. पहिल्या आठवड्यात रात्रीतून पाच गाठी पाणी चढे. मग पावणेपाच. मग सव्वाचार. तेराव्या रात्री साडेतीन. आकडा उतरत होता आणि तरी आम्ही खूश होतो, कारण तो उतरताना आम्हाला दिसत होता. आपण नुसतं ऐकत नाही, आपल्याला ठाऊक आहे, याची एक नशा असते. मुलगी कुंपणाशी उभी राहून आमचे चेहरे वाचायचा प्रयत्न करी, आणि आम्ही चेहरे सरळ ठेवायचा.

रविवारी मुलं आपापल्या वाड्यावस्त्यांवर जात, म्हणून रविवार संध्याकाळ आणि सोमवार पहाट माझ्याकडे. दुसरा रविवार म्हणजे शेवटची रात्र. आणि शनिवारी मामांच्या हातात माझ्या काकांचं पोस्टकार्ड आलं. रविवारी नांदेडला ये, मुलगी बघायची आहे.

मी मुलांपैकी कुणालाही सांगू शकलो असतो, की बाबा, ही रात्र तू मोज. पण मग कुठं चाललात ते सांगावं लागलं असतं, आणि मी त्यांनाच विचारायला शिकवलं होतं. मी हिशेब केला की दुपारी बघणं उरकलं तर संध्याकाळच्या गाडीनं परत येईन. लातूरला गाडी बदलली, नांदेडला पोचलो. काकांनी माझ्या कॉलरला अत्तर चोळलं आणि मला तिच्या मामांच्या घरी नेलं.

ती समोर बसली. तिच्या मामांनी विचारलं, "तुला काही विचारायचं का गं?" असं नुसतं म्हणायचं असतं. मुलीनं मान हलवायची असते.

ती म्हणाली, "पाणी घरात येतं का आणावं लागतं?"

तिचे मामा खोकले.

"आणावं लागतं," मी म्हणालो. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुढचं माझ्या तोंडून आपोआप निघालं. "पण गावाला आता चांगली विहीर मिळणार आहे. रात्रीतून साडेचार गाठी पाणी चढतं."

"गाठी म्हणजे?"

इथं मी थांबायला हवं होतं. मी तिला दोरी सांगितली, आमच्या शिपाईमामांची नखं सांगितली, भुयार आणि भूकंप सांगितला. पोहे गार झाले. काका मला खालून चिमटे काढत होते. आणि ती पदराआड हसत होती, खांदे हलतील इतकी. मला एकदम इतकं बरं वाटलं, की साडेचार हा आकडा मला खराच वाटू लागला. सव्वाचार तर आम्ही मोजलेच होते. पाव गाठ म्हणजे असं कितीसं?

संध्याकाळची गाडी गेली. मी ती जाऊ दिली, कारण निरोप यायचा होता. तो दिवेलागणीला आला. तिच्या मामांनी सांगितलं, "पोरगी म्हणते, माणूस बडबड्या आहे, पण पाण्याची माहिती पक्की आहे."

सोमवारी दुपारी मी गावात उतरलो तेव्हा पाय जमिनीला लागत नव्हते. तहसीलचा कारकून शिक्षकांच्या खोलीत बसलाच होता. "शेवटचा आकडा द्या, सर. साहेबांनी मागवलाय." मी वही उघडली. मळा तिथून दीड मैलावर, विहिरीचा काठ मी दोन दिवसांत बघितला नव्हता. मी पेन उघडलं आणि सुंदर अक्षरात लिहिलं, साडेचार.

कुणाचं वाईट व्हावं म्हणून मी ते लिहिलं नाही, कसलंही भय वाटून नाही, कंटाळ्यानंही नाही. मी तिला जे सांगितलं होतं ते खरं असावं म्हणून लिहिलं. त्या क्षणी मला वाटलं, सगळीकडे पाणी चढतं आहे.

कारकून आकडा उतरवून गेला. तासाभरात गावभर झालं, झरा पलटला, पाणी वाढलं. मारुतीला नारळ फुटले. दुकानदारानं मला रस्त्यात थांबवून पेढा दिला आणि तुपाचा विषय पुन्हा काढला नाही. आणि मी तो पेढा खाल्ला. संध्याकाळी अप्पा विहिरीच्या पायऱ्यांवर बसलेले मला लांबून दिसले. ते पायऱ्या मोजत होते.

मंगळवारी सकाळी वही उघडली तर साडेचारच्या शेजारी, समासात, पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं होतं, 'क?'

अक्षर मी ओळखलं. दोरीला हात न लावणाऱ्या मुलीचं. तिच्या घरच्या विहिरीवर रविवारी संध्याकाळी आणि सोमवारी पहाटे कुणी आलं नव्हतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

मी इकडंतिकडं पाहिलं आणि रबरानं ते पुसलं.

आकडा लिहिला तेव्हा मी वेड्यासारखा खूश होतो. पुसलं तेव्हा मी पूर्ण शुद्धीवर होतो. म्हणून मला खरी लाज वाटते ती त्या रबराची.

बुधवारी वही उघडली. 'क?' पुन्हा होतं. या वेळी शाईनं.

विहीर ताब्यात घ्यायचा हुकूम गुरुवारी निघणार होता. मी वही घेऊन वर्गात गेलो. ती मागच्या बाकावर सरळ बसली होती, पुस्तक मिटलेलं. मी म्हणालो, "समासात एक प्रश्न आहे. उत्तर द्यायचा नियम आहे. हा आकडा मी विहिरीवर जाऊन लिहिलेला नाही. मी रविवारी इथं नव्हतो."

मग उंच मुलगा हळूहळू उभा राहिला. "मग कुठं होतात, सर?"

"कामानं बाहेर गेलो होतो."

"कामानं कशावरून?"

"खाली बस."

तो बसला, पण आता सगळे उठले होते. मी शिकवलेलं सगळं त्यांनी माझ्यावरच लावलं. एक म्हणाला, सोमवारी सरांच्या शर्टाला इस्त्री होती, आणि आपल्या गावात इस्त्रीवाला नाही. दुसरा म्हणाला, अत्तराचा वास येत होता. ठेंगणा म्हणाला, वहीत खुणेला ठेवलेला कागद नांदेडच्या एसटीचं तिकीट आहे, तो त्यानं कालच वाचला. दुकानदाराचा मुलगा पुढं आला. "सर, त्या दिवशी तुम्ही दोन वेळा एकच आकृती काढली आणि दोन्ही वेळा हसलात. आमच्या दादाचं लग्न ठरलं तव्हा तो बी असाच करायचा."

"हा पुरावा नाही," मी म्हणालो.

"मग नाही म्हणा, सर."

मला नाही म्हणता येईना. वर्ग फुटला. बाकं वाजली, दाराशी ऐकत उभे असलेले मामा आत आले आणि त्यांनी कुणालाही न विचारता दोन्ही हात वर केले. मीही हसत होतो, हे लिहायलाच हवं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मग मुलगी बोलली. "सर, मळ्याचं काय?"

मामांनी हात खाली घेतले.

दुपारच्या गाडीनं आम्ही नऊ जण निलंग्याला गेलो. मी, सात मुलं, आणि माप म्हणून मामा. नायब तहसीलदारांपुढं मी सगळं सांगितलं. आकडा सांगितला, नांदेड सांगितलं. रबराचं तेवढं सांगायचं राहिलं.

"मास्तर, तुमच्यावर कागद करता येतो मला."

"हो, साहेब."

"आणि मुलगी काय म्हणाली?"

"हो म्हणाली."

"कशावरून?" मागून कुणीतरी पुटपुटलं. साहेबांनी तोंडावर रुमाल धरला.

त्याच संध्याकाळी ते स्वतः मळ्यावर आले. कुंपणापाशी पुन्हा मोजे हातात. दोरी धरायच्या आधी त्यांनी मामांना तिच्याशेजारी उभं करून गाठी तपासल्या. संध्याकाळचा आकडा दोघा मुलांनी पाठीला पाठ लावून घेतला. अप्पांनी साहेबांना मुक्कामाला ठेवून घेतलं. पहाटे आम्ही पोचलो तेव्हा निम्मं गाव मळ्यात उभं होतं, कुंपणाबाहेर चपलांचा ढीग पडलेला. दगड खाली गेला. आवाज आला. मोजलं, पुन्हा मोजलं. पावणेतीन.

कुणी नाचलं नाही. नारळ फोडलेल्या लोकांची तोंडं उतरली होती. मला मुलीच्या चेहऱ्याकडे बघवेना. पण ती अप्पांकडे बघत होती.

"आता बरुबर हाय," अप्पा म्हणाले. "सतरावी पायरी उघडी पडली तव्हाच मला समजलं हुतं. पन माझं कोन मोजून घेतो? मी घरचा." आणि ते पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले. "मास्तर, नवरदेवानं विहिरीचा आकडा लिवू नये. लई पानी दिसतं त्याला."

हुकूम फाटला. चौथ्या दिवशी टँकर आला. अप्पांनी मळ्याचे निम्मे वाफे सोडून दिले आणि निम्मे जगवले. पावसापर्यंत ते टिकले. त्या सोडलेल्या वाफ्यांचा दोष माझा नव्हता, झऱ्याचा होता, असं अप्पांची नात मला एकदा आपणहून म्हणाली. तरी मी तिकडून जाताना मान खाली घालून जात असे. गावानं माझं नाव 'साडेचार सर' ठेवलं. पुढं मी लातूरला बदलून गेलो तरी ते नाव माझ्या आधी तिथं पोचलं होतं.

मेअखेर नांदेडला लग्न झालं. अप्पांनी विड्यासाठी पानांची करंडी पाठवली, ओल्या फडक्यात गुंडाळून. मामा ती मांडीवर घेऊन एसटीनं आले.

बायको गावी आल्यावर तिसऱ्याच दिवशी टँकरच्या रांगेत उभी राहिली. घागर घेऊन घरी आली, ती खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं. "साडेचार गाठी पाणी चढतं म्हणाला होतात."

मी वही काढून तिच्यापुढं ठेवली. तिनं साडेचार बघितलं, एकाच रेघेनं खोडलेलं, खालचं वाचता येणारं. पुढं पावणेतीन. मग समासावर बोट ठेवलं. "हे शाईनं कुणी लिहिलं?"

"पानमळ्याच्या घरच्या मुलीनं."

"तिला जेवायला बोलवा."

ती रविवारी आली. दोघींचं इतकं जमलं, की वाढायचं काम माझ्याकडे आलं. बायकोनं तिला कुंपणापासून तहसीलपर्यंत सगळं विचारून घेतलं, आणि ती एकेक गोष्ट क्रमानं सांगत गेली, जे बघितलं तेवढंच. समासाची गोष्ट आली तेव्हा माझ्या हातातला वाढप्याचा डाव थांबला. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"पेन्सिलीचं मी सांगत न्हाई," ती म्हणाली. "ते सरांनी सांगायचं. मी ते होताना बघितलेलं न्हाई."

बायको माझ्याकडे वळली. "कसली पेन्सिल?"

मी डाव ठेवला, त्यांच्यासमोर पाटावर बसलो आणि रबराचं सांगितलं. सांगून झाल्यावर खाली बघत राहिलो. मग मला पदराआडचं ते हसू ऐकू आलं, नांदेडला ऐकलेलं. पाठोपाठ दुसरंही. मी वर बघितलं तर दोघींचे खांदे हलत होते, आणि मुलगी, आजवर माझ्या वर्गात कधी मोठ्यानं न हसलेली, ठसका लागून पाणी मागत होती. मी उठलो आणि त्या घागरीतून तिला पेलाभर पाणी दिलं.